अळणी लेणं

साळदऱ्याच्या घाटात, शेवटच्या मोठ्या वळणाच्या अलीकडे, काळ्या कड्याच्या पोटात एक लेणं आहे. रस्त्यावरून त्याचं तोंड दिसत नाही. गाड्या त्याच्या खालून भरधाव निघून जातात. आत नक्षीचे खांब नाहीत, मूर्ती नाही, शिलालेख नाही. एक लांबट, ओबडधोबड दालन, त्याच्या शेवटाला पाण्याचं टाकं, आणि बाहेर तोंडाशी खडकावर एक गुळगुळीत, खोलगट जागा, साधारण बैलाच्या मुस्काटाच्या उंचीवर. बस, एवढंच. तरीही लेणी पाहायला लांबच्या प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाने इथे गाडी थांबवावी, असं मी ठामपणे सांगेन.

आम्ही नकाशावर खुणा करून एकामागून एक लेणी पाहत कोकणाकडे चाललो होतो. ही जागा नकाशावर नव्हती. घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीत आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला, इथे जवळपास एखादं लेणं आहे का, आणि टपरीवाल्याने पलीकडच्या लमाणांच्या तांड्याकडे बोट दाखवलं. झुमकीबाई राठोडांना घेऊन जा, म्हणाला, त्यांच्याशिवाय गेलात तर नुसती गुहा बघून याल.

झुमकीबाई सत्तरी ओलांडलेल्या. पायवाटेने त्या आमच्या पुढे चालत होत्या आणि आम्ही मागे धापा टाकत होतो. लेण्याच्या तोंडाशी त्या थांबल्या आणि माझा मित्र ओजस याच्या हातातली वेफर्सची पिशवी त्यांनी बाहेरच्या दगडावर ठेवायला लावली. ओजस म्हणाला, माकडं नेतील.

"नेऊ दे की. माकडं बाहेर बसून खातील. तू आत जाऊन खाशील."

या लेण्यात मीठ नेत नाहीत. वर्षातून एकदा इथे तांड्याचं जेवण होतं, तेव्हा भातही अळणी आणि डाळही अळणी. असं का, ते झुमकीबाईंनी टाक्याच्या काठावर बसून सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या सासूकडून ऐकलं, सासूने तिच्या सासूकडून.

घाटात रस्ता नव्हता, बैलांची वाट होती, तेव्हाची ही गोष्ट. कोकणातल्या आगरांतून मीठ घ्यायचं, बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या आणि घाट चढून गावोगाव ते पोचवायचं, हा लमाणांचा धंदा. अशाच एका तांड्याचा प्रमुख थावरू नाईक. धंद्यात त्याचा शब्द खरा आणि तांड्यात अखेरचा. त्याचा म्होरक्या बैल टिकल्या. कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात मोठी घंटा. टिकल्या चालला की सगळे बैल चालायचे आणि तो थांबला की थांबायचे.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता, असे सांगतात. तांडा मीठ घेऊन घाट चढायला लागला तेव्हा वाटेवरचा एकेक झरा कोरडा निघाला. परत फिरावं तर खालचं पाणीही तेवढंच लांब. नाईकाची सून हामली तान्ह्या बाळाला पोटाशी बांधून चालत होती. पोटात पाणी नाही म्हणून तिचं दूध आटलं. आधी बाळ रडत होतं, मग त्याचं रडणंही थांबलं. तिचा नवरा पाणी शोधायला पुढे गेला होता. सासऱ्यासमोर सुनेने तोंडावरचा पदर वर करायचा नाही आणि बोलायचं नाही, ही तांड्याची रीत. हामली मुकाट चालत राहिली.

या कड्याखाली आल्यावर टिकल्याने वाट सोडली. गोण्यांसकट तो घसाऱ्यावरून वर चढला, दरडीने बुजलेल्या एका कपारीशी गेला आणि खडक चाटू लागला. ओढला तरी हलेना.

थावरू नाईकाने वर जाऊन पाहिलं. टिकल्याच्या पाठीवरच्या गोणीची शिवण उसवली होती आणि मीठ पाझरत होतं. नाईकाचा जन्म मीठ वाहण्यात गेलेला. तहानलेल्या बैलाच्या जिभेला मीठ लागलं की तो चाटतच सुटतो, तहान दुपटीने वाढते आणि मग तो पाय दुमडून बसतो तो उठत नाही, हे त्याने किती वेळा तरी पाहिलेलं. सांडलेलं मीठ खडकावर पसरलं आणि बैल तेच चाटतोय, असं त्याने ठरवलं. दुसरं काही त्याच्या मनात यावं कसं? जिथे तिथे त्याला मीठच दिसायचं. त्याने गोणी उतरवली आणि बैलाला चाबकाने झोडपलं. टिकल्याने मान फिरवली नाही. तेव्हा नाईकाने त्याच्या गळ्यातली घंटा सोडून दुसऱ्या बैलाच्या गळ्यात बांधली आणि हुकूम दिला, याला इथेच सोडा, निघा.

म्होरक्या बैलाला वाटेत सोडून जाणं म्हणजे घरातलं माणूस टाकून जाणं. बाया रडू लागल्या, पण नाईकापुढे कोण बोलणार? जायच्या आधी एकेक जण वर चढून टिकल्याच्या पाया पडून आला. सगळ्यांच्या शेवटी हामली गेली. एक हात बाळाखाली धरून ती वाकली आणि तोल जाऊ नये म्हणून दुसरा हात तिने खडकावर टेकवला. तळवा ओला झाला. बैलाची लाळ असेल असं तिला वाटलं. तरी तिने तो जिभेला लावला.

असे सांगतात की ती तिथे जराशीच उभी राहिली. खाली तांडा निघाला होता, नवी घंटा वाजायला लागली होती. बोलावं तर रीत मोडते. न बोलावं तर पोटाशी बांधलेलं ते लहानगं उन्हात निपचित पडलेलं. तिने पदर मागे टाकला आणि सगळ्यांच्या देखत हाक मारली.

"बा, हे अळणी आहे."

तांडा जागच्या जागी थांबला. नाईक वर आला. सुनेच्या उघड्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं नाही, म्हणे. तो सरळ खडकाशी गेला, टिकल्याच्या शेजारी गुडघे टेकले आणि ज्या जागी बैल चाटत होता तिथेच स्वतः जीभ लावली. मिठाची कणीही नव्हती तिथे. आतून पाणी झिरपत होतं.

मग गडी दरड उपसायला लागले. दगड निघाले, माती निघाली, पण मधली एक शिळा काही केल्या हलेना. तिला दोर बांधला आणि बैल जुंपायचे ठरले, तर मार खाल्लेला टिकल्या आपणहून दोराशी येऊन उभा राहिला. त्याने ओढ घेतली तशी शिळा खालच्या दरीत गेली, आणि आत हे लेणं दिसलं. कुणी कोरलं, कधी कोरलं, कुणास ठाऊक. टाकं काठोकाठ भरलेलं होतं. पहिली ओंजळ हामली प्यायली, दुसरी तिने टिकल्याला दिली. दिवस कलायच्या आत तिला पान्हा फुटला आणि बाळ रडलं. त्या रडण्यावर सगळा तांडा हसत सुटला, असं झुमकीबाई सांगतात आणि सांगताना त्याही हसतात.

थावरू नाईकाने त्या टाक्यासमोर शपथ घेतली. मिठापायी मी मुक्या जनावराला मारलं आणि नातवाला घालवणार होतो, तर मीठ या उंबऱ्याच्या आत येणार नाही आणि माझ्या ताटातही येणार नाही. टिकल्याच्या गोण्या स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो घाट चढला. त्यानंतर त्या बैलाच्या पाठीवर कधी ओझं पडलं नाही. नाईकाने पुढेही धंदा सोडला नाही. आयुष्यभर तो घाटमाथ्याच्या घराघरांत मीठ पोचवत राहिला आणि स्वतः अळणी जेवला.

आठवडाभर आम्ही राजांनी दान दिलेली आणि भिक्षूंनी वस्ती केलेली लेणी पाहत होतो, आणि ती सुंदरच होती. पण एका सुनेच्या एका वाक्याने उघडलेलं लेणं मला दुसरं माहीत नाही. आपल्या डोंगरांत अशी कितीतरी असतील आणि ती सांगणारं माणूस शेजारच्या वस्तीतच असेल, याची मला खात्री आहे. म्हणून म्हणते, खूण नसलेल्या ठिकाणी थांबा, विचारा.

आजही तांड्यात मोठी गोष्ट ठरायची असली, जमीन विकायची असो की सोयरीक मोडायची, सगळ्या पुरुषांचं बोलून झालं की नाईक सर्वांत धाकट्या सुनेकडे वळतो आणि विचारतो, "चाखून पाहिलंस का?" ती बोलेपर्यंत बैठकीतून कुणी उठत नाही.

झुमकीबाईंना हा प्रश्न आला तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. डोंगरावर पोट भरत नाही म्हणून तांडा कायमचा उसाच्या मुलखात राहायला निघाला होता. गाठोडी बांधून झाली होती आणि नाईकाने केवळ रीत म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी काय उत्तर दिलं, असं आम्ही विचारलं.

"मी काय सांगणार? घाबरले होते. म्हटलं, तिथलं पाणी कुणी चाखलंय? तर एकानंही चाखलं नव्हतं." त्यांनी टाक्यात हात बुडवून ओंजळ भरली. "मग सोडली सगळ्यांनी गाठोडी."