न जाळलेल्या गोवऱ्या

हसा, हसा! पाहुणा आला की आधी आमच्या दारावर पाहून हसतोच. लोक दाराला तोरण बांधतात, आणि आमच्या बोरटेकात चौकटीच्या वर शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या. त्या चुलीत घालायच्या नसतात. का, ते सांगतो. पण मधे बोलायचं नाही.

वऱ्हाडात इंग्रजाचा अंमल नवा होता तेव्हाची ही गोष्ट, असं जुनी माणसं सांगत. एक साहेब घोड्यावरून आला. त्यानं ना कोणाची जमीन घेतली, ना बैल सोडून नेले. चावडीवर बसून तो म्हणे एवढंच बोलला, की तुमच्या गावराणी कापसाचा धागा आखूड. आमच्या देशातल्या गिरण्यांना तो चालत नाही. विलायती बी देतो, तेच पेरा. आणि भेसळ नको, म्हणून जुनी सरकी जाळून टाका. बघा बाप्पा! शेत आमचं, बैल आमचे, घाम आमचा. आणि पेरायचं काय, ते मात्र समुद्रापलीकडच्या गिरणीनं ठरवायचं. परक्याचं राज्य म्हणतात ते हेच. तोफ तर या गावानं कधी पाहिलीही नाही.

तेव्हाचे पाटील उकंडराव. माणूस वाईट नव्हता. गावाचं भलं होईल असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं पहिली आपलीच कणगी चावडीपुढं रिकामी केली आणि सरकी पेटवली. मागोमाग सगळ्या गावानं आपापलं बी आणून त्यात ओतलं. साहेबानं हुकूम दिला त्याचा मला एवढा राग नाही. आम्ही हौसेनं जाळलं, त्याचा येतो.

एकाच घरातून बी आलं नाही. झिंगराजी म्हणून एक कुणबी होता, त्याची बायको पुंजाबाई. भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला लावून ठेवायची बायकांची रीत जुनीच. पुंजाबाईनं सरकी शेणात कालवली, गोवऱ्या थापल्या आणि वळचणीखाली भिंतीला लावल्या. शिपाई झडतीला आले, मडकी उपडी केली, पण शेणाला कोण हात लावतो? नाक धरून निघून गेले. गोवऱ्यांत काय आहे, ते नवराबायको दोघांनाच ठाऊक.

त्याच पावसाळ्यात गावात पटकी आली आणि झिंगराजी गेला. झड लागलेली, गावभर लाकूड ओलं, जळण संपलेलं. कोरड्या गोवऱ्या होत्या त्या फक्त पुंजाबाईच्या भिंतीला. धाकटा दीर त्या काढायला गेला, तर ही भिंतीला पाठ लावून उभी.

"वयनी, सरक ना वं. लाकडं पेटत नाहीत."

"ह्या गोवऱ्या मी देत नाही."

"अवं, दादासाठी मागतो मी!"

"माहीत हाय मले. नाही देत."

पाटील तिथंच उभा, मग ती काय सांगणार? बायांनी तोंडाला पदर लावला. "माय वं! नवऱ्यापरीस शेण प्यारं झालं हिले!" चिता धड पेटली नाही. विझायची, पुन्हा पेटवायची, असं झिंगराजीचं झालं. त्यानंतर गावानं तिच्या घरचं पाणी सोडलं.

विलायती कापूस कमरेएवढा वाढला. पाटील खुश. पण झडीत बोंडं झाडावरच सडली. दुसऱ्या मृगाला पाटील साहेबाकडे गेला, तर साहेबाची बदली झालेली, आणि नव्याला या गावाचं नावही ठाऊक नाही. ढग वर आले, औतं जुंपली, आणि पेरायला गावात मूठभर बी नाही.

तेव्हा म्हणे पुंजाबाई डोक्यावर टोपली घेऊन चावडीवर आली. घंगाळात पाणी ओतलं आणि एक गोवरी त्यात सोडली. शेण विरघळलं, सरकी तळाशी बसली. दीर लहान लेकरासारखा रडला.

"झिंगराजीच्या वाट्याच्या होत्या ह्या," ती म्हणाली. "त्याले भेटल्या नाहीत. आता वाटून घ्या अन् पेरा."

पाटलानं पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं. तिनं ते उचलून त्याच्या हातात दिलं आणि घरी गेली.

ती पुढं पुष्कळ जगली. गेली तीही अशीच झडीत. सगळ्या गावानं गोवऱ्या काढून भिंती मोकळ्या केल्या. तिच्या चितेला म्हणे लाकूड लागलंच नाही.

साहेब गेला, गावराणी कापूसही गेला, आता बी पाकिटातून येतं आणि दरवर्षी नवं घ्यावं लागतं. त्यावर मला बोलायला लावू नका. पण आजही बोरटेकात कोणाकडे मयत झाली, की त्या घरच्या गोवऱ्यांना कोणी हात लावत नाही. चितेसाठी घरोघरून दारावरची एकेक गोवरी येते, अबोला असलेल्या घरातूनही. पुंजाबाईला त्या दिवशी आपण काय बोललो, ते हे गाव अजून विसरलेलं नाही.