एकाहत्तरावा मणी

“किती म्हणालास?” निरंजनबुवांनी विचारलं.

“एक कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.”

विश्वंभरने आकडा असा सांगितला, की जणू पोटचं पोर बुवांच्या पायावर घालतोय.

सात वर्षांपूर्वी बुवांनी त्याला नाम दिलं होतं. कोटी जप झाला की ये, दीक्षा देतो, असं म्हणाले होते. त्याआधी विश्वंभर हायस्कुलात गणित शिकवायचा. नोकरी सुटली, खोड काही सुटली नाही.

“कोटी केव्हा झाला?”

“आठ महिन्यांपूर्वी.”

“मग तेव्हाच का नाही आलास?”

विश्वंभर घुटमळला. एकावर नुसती सात शून्यं, आकडा अगदीच भुंडा दिसत होता, असं त्याने सांगून टाकलं. आणि मग गडी सुटलाच. आठही अंक एक. कुठूनही वाचा, तोच आकडा. त्याला त्यानेच गुणलं तर अंक एकापासून आठपर्यंत पायरी पायरीने चढतात आणि तसेच उतरतात. अकराने भाग जातो, त्र्याहत्तरने जातो, एकशे एकने, एकशे सदतीसने... मठाच्या ओट्यावरच्या धुळीत बोटाने त्याने गुणाकारही मांडून दाखवला.

बुवांनी सगळं मन लावून ऐकलं.

“आणि एकशे आठने?”

विश्वंभरचं बोट धुळीतच थांबलं.

माळेचे मणी एकशे आठ. माळ पुरी झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही, हा मठाचा नेम. आकडा विषम, एकशे आठ सम, भाग जाणार कुठून? पंचवीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं त्याने.

“एकाहत्तर उरतात,” तो पुटपुटला. “एकाहत्तराव्या मण्याला आकडा जुळला आणि... आनंदाने उठलोच मी. त्या मण्याला दोरा बांधून ठेवलाय.”

“म्हणजे सदतीस राहिले.”

“ते केले तर आकड्याच्या शेवटी एकशे अठ्ठेचाळीस येतात, बुवा.” तो अगदी रडायच्या बेतात होता.

बुवांनी हात पुढे केला. माळ घेतली, दोरा सोडला, डोळे मिटले आणि उरलेले मणी स्वतःच ओढू लागले.



विश्वंभर मनात मोजत होता. सदतीस. बरोबर.

माळ पुरी झाली. आता दीक्षेत काही अडचण नव्हती. पण त्याला एक गोष्ट डाचत होती, आणि ती विचारल्याशिवाय त्याच्याने राहवेना.

“बुवा, हे सदतीस तुमचे ना? म्हणजे माझा आकडा तसाच राहिला?”

बुवांनी माळ त्याच्या ओंजळीत ठेवली.

“तसाच राहिला. दीक्षा आता त्याच्याकडूनच घे.”