येसूअक्काचं रिंगण

फार फार मागे, आपल्या आसरखेडच्या नदीच्या उघड्या वाळूत येसू नावाची भोईण टरबुजांच्या वाड्या लावायची. तिला सगळे अक्का म्हणत. मुंग्यांची रांग, सूर्याभोवतीचं खळं पाहून ती पाणी कधी येणार ते सांगायची. पाखरं तिला नावानं ओळखत, असं म्हणतात.

एका चैत्रात टिटव्यांनी वाळू सोडून उंच काठावर अंडी घातली. अक्का म्हणाली, "पूर येणार. वर चला."

तिचा धाकटा भाऊ मल्हू हसला. "अक्का, वाडी निंदताना टिटवीला मीच हाकललं. ती काय तुझ्या डोक्यावर अंडी घालेल?"

"तू एकीला हाकललंस. बाकीच्या सहा कुणी हाकलल्या?"

"चैत्रात कसला पूर? आठ दिवसांत फळ उतरतं, मग येतो."

वाळूत झोपड्या घालून राहिलेले बाकीचे वाडीवालेही हसले. अक्कानं वाद घातला नाही. तिनं झोपड्यांतल्या चुली विझवल्या आणि लेकरं उचलून काठावर नेऊन बसवली. लेकरांमागे आया गेल्या, शिव्या देत. त्यांच्यामागे बाप्ये गेले, भाकरी कोण करणार म्हणून. मल्हू तेवढा टरबुजांच्या वेलांपाशी बसून राहिला. त्याला ऐकता आलं असतं. त्यानं ऐकलं नाही.

दुपारी आभाळ कोरडं होतं, आणि वरून डोंगराचं पाणी आलं. भिंतीसारखं आलं. अक्का काठावर होती. ती खाली धावली. तिनं मल्हूला दंडाला धरून ओढलं, काठाकडे ढकललं आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. मल्हू काठ चढेपर्यंत पाणी तिच्या गुडघ्यांपाशी थांबून राहिलं, असं म्हणतात. त्यानं वरून हात खाली दिला. बोटांना बोटं लागली. मग पाणी पुढं गेलं.

अक्का सापडली नाही. सातही टिटव्या तीन दिवस त्या धारेवर ओरडत फिरल्या, अंड्यांवर बसल्या नाहीत, तरी सगळी पिल्लं निघाली, असं म्हणतात. मल्हू पुढं म्हातारा होईपर्यंत रोज नदीवर जाऊन तिला हाक मारायचा.

अजूनही चैत्रात टिटवी अंड्यांवर बसली की आसरखेडला एक दिवस कुणी टरबूज तोडत नाही. घराघरातला धाकटा भाऊ नदीत उतरतो, टिटवीला कुणी हाकलू नये म्हणून अंड्यांभोवती बोटानं रिंगण काढतो आणि अंडी किती उंचावर आहेत ते येऊन थोरल्या बहिणीला सांगतो. मग ती म्हणेल तिथं झोपडी घालायची. ज्याला बहीण उरली नाही, तो काठावर उभा राहून येसूअक्काला सांगतो.