पडणारे दात पुसणारी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. कडेपिंपळात कुणी सात पिढ्या सांगतं, कुणी तीनच, आणि दोघंही शपथेवर सांगतात. तेव्हा गावाबाहेर उसाची गुऱ्हाळं चालत. घरोघरी गूळ इतका, की रडणाऱ्या पोराच्या तोंडात आई फडक्यात बांधलेली गुळाची पुरचुंडी द्यायची आणि कामाला लागायची. पोर चोखत चोखत झोपी जायचं.

त्या गावात बांगड्या भरायला एक कासारीण यायची. तिच्या हातात आखडलेली मूठही मऊ पडायची, असं म्हणतात. तिचं नाव कुणी राही सांगतं, कुणी भामा. मी तिसरंही ऐकलंय. बांगड्या भरून झाल्या की ती मांडीवरचं तान्हं मागून घ्यायची, बोट धुवायची, त्याला ओलं फडकं गुंडाळायची आणि बाळाच्या हिरड्या पुसायची. दात आलेला असला तर तोही पुढून-मागून पुसायची. ती तोंडातून काही काढून घेते की आत काही घालते, हेच बायकांना कळेना.

"अगं, दुधाचं दात ते! पडायचंच हायेत, पुसून काय करायचं?" गावातल्या गोदू नावाच्या लेकुरवाळीची सासू तान्हाई हसायची.

"कीर्तनाला घोंगडं टाकून जागा धरता न्हवं?" कासारीण म्हणायची. "हे दात मागनं येणाऱ्यांची जागा धरून बसल्यात. घोंगडंच कुजलं, तर जागा ऱ्हाईल व्हय?"

घोंगड्याचा आणि दातांचा काय संबंध, यावर गाव चार दिवस वाद घालत होतं म्हणे.

गोदूचा थोरला लिंबाजी चार वर्षांचा, पुरचुंडीवरच वाढलेला. त्याच्या दातांचे काळे खुंट झाले. एके दिवशी गाल सुजला, ताप चढला. कासारणीनं त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "उशीर झाला गं," एवढंच ती बोलली. तिसऱ्या दिवशी पोर गेलं.

गाव पार गोंधळून गेलं. गुळानं कधी कुणी मरतं का? मग उरलं ते कासारणीचं बोट. तिला वेशीबाहेर काढलं. गोदूनं तेव्हा नुसतं तोंड फिरवलं, असं म्हणतात. काही जण सांगतात, सगळ्यांत मोठ्यानं तीच ओरडली.

दीड वर्षानं गोदूला मुलगी झाली, हिरा. तिचा पहिला दात दिसला, तेव्हा तान्हाईनं कौतुकानं पुरचुंडी पुढे केली. गोदूचा हात जागीच थांबला. घात गुळानं केला की बोटानं? एक लेकरू गेलं होतं, दुसरं मांडीवर होतं, आणि तिला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. पोरीला कडेवर घेऊन ती भर उन्हात कासारणीच्या गावाकडे निघाली. वाटेत ओढ्याकाठी कासारीणच बसलेली.

"काकू, माज्या पोरीच्या तोंडात बोट घाला," गोदू रडत म्हणाली. "काय खरं, काय खोटं, मला उमगंना."

कासारीण लांब सरकली. "माजं न्हाई गं. मी म्हैन्यातनं एकदा येणार. पोरीचं तोंड रोज दोनदा पुसाय पायजे. तुजंच बोट लाव."

तिनं गोदूचं बोट ओढ्यात धुतलं, स्वतःच्या पदराची चिंधी फाडून त्याला गुंडाळली. पोरीनं कडकडून चावा घेतला. गोदूनं बोट काढलं नाही. पुसून झाल्यावर मान वर केली, तर काठावर कुणीच नव्हतं.

असं म्हणतात, की त्याच वेळी कडेपिंपळातल्या साऱ्या लेकुरवाळ्या बायकांचं अंगठ्याशेजारचं बोट ओलं झालं. पुसलं तरी वाळेना. कणीक मळताना ओलं, चुलीपुढं ओलं. आपापल्या लेकराच्या तोंडातून फिरवलं, तेव्हा कुठे वाळलं. ओढ्याचं पाणी घराघरात कसं पोचलं, हे मला विचारू नका. सांगणाऱ्याच्याच डोक्यात ते अजून नीट बसलेलं नाही. हिरा मात्र नव्वदीतही दातांनी ऊस सोलायची, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आजही कडेपिंपळात पहिला दात दिसायच्या आधीपासून लेकराचं तोंड सकाळ-संध्याकाळ पुसतात, आणि झोपवताना तोंडात गूळ देत नाहीत. कासारणीचं खरं नाव काय, याचा वाद मिटलेला नाही. पण त्या गावात अंगठ्याशेजारच्या बोटाला तर्जनी कुणीच म्हणत नाही. बाळाचं खाणं झालं, की सासू सुनेला आतून हाक मारते, "अगं, कासारीण धुऊन ये."