न्हाणीतला दगडी मासा

एका गावात एक तळं होतं, आणि त्या तळ्याचा गावाला भारी तोरा होता. गाव डोंगराच्या पायथ्याशी. पाऊस असा पडायचा की आषाढात भिंतींवर शेवाळ चढायचं, चुली पेटता पेटत नसत आणि घोंगड्या वाळता वाळत नसत. तरीही होळी सरली की याच गावात दवंडी फिरायची, "ऐका हो ऐका! माणशी एक घागर! गुरांना दिवसाआड पाणी! न्हाणं-धुणं जपून!" शेजारच्या गावांतल्या लोकांना नवल वाटायचं. एवढा पाऊस जातो तरी कुठे?

तो कुठे जातो हे गावाला चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर कुणी बोलत नव्हतं.

गावाची रीत अशी होती. तळ्याच्या बांधाला एका कडेला दगडी सांडवा होता. तळं भरलं की वरचं पाणी सांडव्यावरून ओढ्यात जायचं. पाणी असं वाहू लागलं की पाटलीणबाईंनी खणानारळानं तळ्याची ओटी भरायची. मग घागरीचं माप उठायचं, ढोल वाजायचे आणि पाटलांच्या अंगणात पुरणपोळीच्या पंगती बसायच्या. ओटी भरेपर्यंत मात्र माप म्हणजे माप, मग बाहेर पाऊस कितीही कोसळो.

एके वर्षी पाऊस जरा रेंगाळला. पाटलांनी पाहुण्यांना आवतण धाडलेलं, पुरण शिजलेलं, आणि तळं अजून हातभर उणं. पाटलांचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी गवंड्याला हळूच बाजूला घेतलं.

"सांडव्याचा वरचा एक थर काढ. पंगत उठली की परत बसव."

थर निघाला, पाणी वाहिलं, पाहुणे खूश झाले. दगड परत बसवायचं तेवढं राहून गेलं. त्या थरातल्या मधल्या दगडावर जुन्या लोकांनी एक मासा कोरला होता. मासा न्हाला की तळं भरलं, ही त्यांची खूण. तो रुंद, गुळगुळीत दगड पाटलांच्या डोळ्यांत भरला आणि त्यांच्या न्हाणीत जाऊन बसला.

पुढच्या वर्षी तळं लवकर वाहिलं. पंचक्रोशीत सगळ्यात आधी! गावाची मान ताठ झाली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी लवकर वाहावं म्हणून आणखी एक थर निघाला. मग ती सवयच पडली. निघालेला दगड वाया कशाला घालवा, म्हणून कुणी उंबरठ्याला नेला, कुणी गोठ्याच्या पायरीला, कुणी धुणं धुवायला. तळं ताटलीसारखं पसरट, त्यामुळे वरचा हातभर थर गेला की खालच्या कितीतरी हातांइतकं पाणी जायचं. पण पंगतीत बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

पाटलीणबाई तरी काय वेगळ्या होत्या? ओटीचा मान त्यांचा, नवी साडी त्यांची. दर वर्षी तळ्याकाठी उभं राहिलं की आपण किती खाली वाकतो आहोत, हे त्यांना जाणवायचं. वय झालं असेल, असं म्हणून त्या गप्प राहायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच माहेरी आली. पाटलीणबाईंनी काय काय ठरवलं होतं! नातवाला पायांवर घ्यायचं, तेल चोळायचं, ऊन ऊन पाण्यानं चांगली आंघोळ घालायची. पण दवंडी फिरलेली, आणि माप पाटलांच्या घरालाही होतं. बाळाच्या वाट्याला रोज ओलं फडकं यायचं. उकाड्यानं त्याच्या अंगभर घामोळं उठलं आणि ते रडून रडून लाल झालं. शेवटी लेकीनं गाठोडं बांधलं.

"आई, राग मानू नकोस गं. माझ्या सासरी पाऊस इथल्याच्या निम्मासुद्धा नाही, पण लेकराला न्हाऊ घालण्यापुरतं पाणी असतं."

बैलगाडी दिसेनाशी झाली. पाटलीणबाई न्हाणीत येऊन बसल्या. समोर तो सुंदर दगड होता. त्यावरचा मासा धूळ खात पडला होता, कोरडाठाक. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना एकदम रडू कोसळलं. न्हाणीला एवढा देखणा दगड आणला आणि न्हायला पाणी ठेवलं नाही!

आषाढ आला. पाऊस धो धो कोसळला आणि तळं कधी नव्हे इतक्या लवकर वाहू लागलं. पाटलांनी ढोल सांगितले, पाहुणे बोलावले. सगळं गाव बांधावर जमलं. पाटलीणबाई ओटीचं ताट घेऊन सांडव्यापाशी आल्या आणि तिथेच थांबल्या.

"वैनी, भरा की ओटी! लेकरं भुकेजलीत," कुणीतरी म्हणालं.

"ओटी भरायची नाही," त्या म्हणाल्या. "तळं भरलेलं नाही."

"अहो, डोळ्यांदेखत पाणी वाहतंय!"

"वाहतंय. भरलेलं नाही. मासा न्हाल्याशिवाय ओटी भरायची नाही, ही आपली जुनी रीत."

"मासा तर तुमच्याच न्हाणीत आहे!" गर्दीतून आवाज आला आणि सगळे खो खो हसले.

पाटलीणबाईंचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी मान खाली घातली नाही. "होय, माझ्याच न्हाणीत आहे. कोरडा पडलाय बिचारा. तुमच्या घरातले दगड कुठे कुठे आहेत, तेही जरा आठवून बघा."

हसू थांबलं. पाटील पुढे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, पाहुणे आलेत. माझ्या अब्रूचा तरी विचार कर."

"अहो, लेक माहेरी आली आणि लेकराला आंघोळ न घालता परत गेली. तेव्हाच गेली की आपली अब्रू."

पाटील तडक घरी निघून गेले. पाहुणे पुरणपोळी मात्र जेवून गेले, शिजलेलं पुरण कोण टाकतो? ढोल तेवढे वाजले नाहीत. आणि ओटी भरली नाही म्हणून घागरीचं मापही उठलं नाही.

मग काय विचारता! डोक्यावर मुसळधार पाऊस आणि पायाशी मोजून घागर. गाव पाटलीणबाईंवर चिडलं. बायका त्यांना बघून तोंड फिरवू लागल्या. पागोळ्यांखाली हंडे लावता लावता बोटं मोडू लागल्या. पाटील घरात शब्द बोलेनात. पाटलीणबाईंना जेवण गोड लागेना. आपलं चुकलं तर नाही ना, असंही मनात यायचं. मग त्यांना ते घामोळ्यानं भरलेलं इवलंसं अंग आठवायचं.

श्रावणात उघडीप पडली आणि सांडव्यावरचं पाणी थांबलं. पाटलीणबाईंनी पदर खोचला, पहार घेतली आणि न्हाणीतला दगड उकरायला सुरुवात केली. दगड हलता हलेना. पाटील दारात उभे राहून बराच वेळ बघत होते.

"सरक," अखेर ते म्हणाले. "मीच आणला होता, मीच नेतो."

दोघं दगड गाडीवर घालून भर गावातून निघाली, तशी दारं उघडू लागली. एका म्हातारीनं लेकाला हाक मारली, "अरे, आपला उंबरठा काढ आधी." गोठ्याच्या पायऱ्या निघाल्या, धुण्याचे दगड निघाले. एक जण "माझा दगड खाणीतून आणलाय" म्हणून हटून बसला होता. त्याच्या बायकोनं तोच दगड सगळ्यांदेखत दारातून ढकलत आणला, तेव्हा सगळे पोट धरून हसले, तोही हसला. गवंड्यानं चुना कालवला आणि थरावर थर चढत गेले. सगळ्यात वर, मधोमध, मासा बसला.

पाऊस पुन्हा सुरू झाला, पण श्रावण सरला तरी तळं वाहिलं नाही. गौरी-गणपती झाले तरी नाही. शेजारची गावं चिडवू लागली, "काय पाटील, यंदा मागं पडलात!" पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि ऐकून घेतलं. आता मात्र लहानथोर सगळे रोज बांधावर जाऊन मासा बघून यायचे. पाणी वीतभर खाली राहिलं. मग चार बोटं.

शेवटी हस्ताचा पाऊस गडगडत आला आणि एका सकाळी पाणी माशाच्या पाठीवरून वाहू लागलं. पाटलीणबाईंनी ओटी भरली. यंदा त्यांना जराही वाकावं लागलं नाही. ज्या बायकांनी तोंडं फिरवली होती, त्यांनीच त्यांना कुंकू लावलं.

होळी सरली. दवंडी फिरली नाही. चैत्र गेला, तरी नाही. वैशाखात लेक पुन्हा माहेरी आली, पावलं टाकू लागलेल्या बाळाला घेऊन. पाटलीणबाई न्हाणीत लाकडी पाटावर बसल्या, पाय पसरले, नातवाला पायांवर घेतलं आणि तांब्यावर तांब्या ओतू लागल्या. बाळ हातपाय आपटत खिदळत होतं.

लेकीनं इकडंतिकडं पाहिलं. "आई, इथला दगड कुठे गेला गं?"

"तळ्यावर आहे," पाटलीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक तांब्या ओतला. "तिथूनच पाणी धाडतोय."

तात्पर्य: भांडं लवकर भरावं म्हणून त्याचे काठ कापू नयेत. पाऊस आभाळ देतं, तो साठवणारी भिंत मात्र आपल्यालाच राखावी लागते.