सोनसळीची रुंदी

एका बंदरात पूर्वी असा रिवाज होता, की जकातीचा दोर प्रत्येक गलबताची वरची रुंदी मोजायचा आणि तेवढाच कर लावायचा. मग पोटात माल असो की नुसती हवा.

सोनसळी नावाच्या गलबताला त्या दोराची धडकीच भरे. दोन खेपा रिकाम्या गेल्या होत्या, आणि कर थकला तर मालक तिला मोडून लाकूड विकणार होता. म्हणून डागडुजीच्या वेळी ती सुताराच्या लाकूड तासणाऱ्या वाकसाला म्हणाली, “दादा, मला वरून अरुंद कर, पोट तेवढं फुगव.”

“अगं, मग वाऱ्यात तोल कसा धरशील?”

“ते मी बघते. तू तास!”

मोजताना दोर हसला. “काय गं, उपास धरलास वाटतं!” कर निम्म्यावर आला.

कौलं भरून सोनसळी ऐटीत निघाली. खाडीचं तोंड ओलांडलं, आडवा वारा लागला, आणि ती जी कलली ती सावरेचना. प्रत्येक लाटेला तिला वाटे, आता गेले. खलाशांनी सगळी कौलं समुद्रात टाकली, तेव्हा कुठं ती रडतखडत परतली.

धक्क्यावर दोर होताच. ती धापा टाकत म्हणाली, “आधी वाकसाला बोलवा. मला माझी रुंदी परत हवी.”

“कर वाढेल हं, बाई.”

“वाढू दे, दोरभाऊ. आज बुडाले असते, तर तुम्ही मोजलं काय असतं?”