बाभळबनाची भिंत

भाद्रपदातल्या एका मंगळवारी, दिवस कलायला लागला असताना, माळावरच्या बाभळबनातून एक वारा गेला. तो येऊन जाईपर्यंत सुगरण पक्ष्यांची तीनशे दहा घरटी आणि त्यांतली अंडी, पिल्ले, थोरले पक्षी मिळून अकराशे जीव नाहीसे झाले. राज्याच्या दप्तरात त्या दिवसापुढे ‘झुळूक’ असे लिहिलेले आहे.

त्या राज्यात वारा मोजण्याची पद्धत होती. वारा दिसत नाही, धरता येत नाही, म्हणून त्याने काय मोडले त्यावरून त्याचे बळ ठरवायचे, असा नियम होता. गवत मोडले तर पहिली प्रत, म्हणजे झुळूक. माती मोडली तर दुसरी, लाकूड मोडले तर तिसरी, वीट मोडली तर चौथी. दगड मोडला तर पाचवी, आणि पाचव्या प्रतीच्या वाऱ्यांची यादी टेकडीवरच्या कचेरीत दारासमोर लावलेली असे. तिला ‘राज्यातील महाभयंकर वारे’ असे नाव होते. शाळेतली पिल्ले ती पाठ करीत. त्या यादीतल्या सातांपैकी पाच वाऱ्यांत कोणीही मेले नव्हते.

ही कचेरी एका कासवाच्या ताब्यात होती. सगळे त्याला मापकरी म्हणत. माणूस प्रामाणिक असावा तसा तो प्राणी प्रामाणिक होता. कोणाकडून काही घेत नसे आणि नियमाबाहेर एक पाऊल टाकत नसे. तसेही त्याचे पाऊल फार लांब पडत नसे. घर त्याच्या पाठीवरच होते. आजवर कोणत्याही वाऱ्याने त्याला साधा ओरखडा काढला नव्हता. एकदा कचेरीच्या कठड्याच्या दोन विटा वाऱ्याने पडल्या, तेव्हा मात्र त्याने तिथल्या तिथे चौथी प्रत लावली. त्या दोन विटा आजही कोनाड्यात ठेवलेल्या आहेत आणि दरवर्षी त्या दिवशी टेकडीवर सगळे क्षणभर स्तब्ध उभे राहतात.

प्रतीला महत्त्व होते ते घळीमुळे. टेकडीच्या पोटात एक खोल, खडकाळ घळ होती. ढगातून वाऱ्याची सोंड खाली उतरू लागली की टेकडीवरून शिंग वाजे आणि घळीचे तोंड उघडे. पण ज्या वस्तीवर पूर्वी तिसऱ्या किंवा त्यावरच्या प्रतीचा वारा आला असेल तिलाच शिंग आणि तिलाच घळीत जागा. ज्यांच्याकडे झुळकाच येतात त्यांनी घळीत गर्दी करण्याचे कारण काय, असा त्यामागचा विचार होता, आणि टेकडीवर तो सगळ्यांना पटलेला होता.

बाभळबनातले साठ-सत्तर पक्षी त्या मंगळवारी लांबच्या बाजरीत चरायला गेले होते, म्हणून राहिले. तानी नावाची सुगरण त्यांतली. चोचीत दाणे घेऊन ती परतली तेव्हा घरट्याची फांदी नव्हती, फांदीचे झाड नव्हते. तिची तीन पिल्ले गेली होती. तिसऱ्या दिवशी ती टेकडीवर गेली. गेलेल्यांचे काही होणार नाही हे तिला कळत होते. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा अंडी घालणार होती, आणि त्या पिल्लांना घळीत जागा हवी होती. तिचे मागणे एवढेच होते.

मापकऱ्याने तिचे सगळे ऐकून घेतले आणि काय मोडले ते विचारले. घरटी, असे तिने सांगितले. घरटी कशाची, तर गवताची. त्याने लिहिले. मग तिला आठवले की प्रत्येक घरट्यात आतून चिखलाचे गोळे लावलेले असतात, वाऱ्यात घरटे हेलकावू नये म्हणून. म्हणजे माती होती. मापकऱ्याने मोडलेली माती दाखवायला सांगितली. ती वाऱ्याबरोबर गेली, असे तानी म्हणाली. तेव्हा त्याने समजावून सांगितले की जी वस्तू समोर नाही ती मोडली असे म्हणता येत नाही. ती हरवली. हरवलेल्या वस्तूंची कचेरी नदीपलीकडे होती.

चाळीस बाभळी मुळासकट उपटल्या गेल्याचे तिने सांगितले. त्यावर, उभे झाड म्हणजे लाकूड नव्हे, लाकूड ते जे कोणी तासून कशाला तरी बसवले आहे, असा खुलासा त्याने केला.

तानीबरोबर एक टिटवी आली होती. तिचे घरटे कधीच झाडावर नसते, ती उघड्या माळावर राहते, त्यामुळे तिने सगळे डोळ्यांनी पाहिले होते. ढगातून काळी सोंड कशी उतरली, बाभळबनावरून ती कशी फिरली, आत काय काय गरगरत होते, हे तिने क्रमाने सांगितले. मापकऱ्याने ते लिहून घेतले नाही. टिटवी ओरडली की वाईट घडते, असे त्या राज्यात लहानापासून थोरापर्यंत सगळे मानत. तिची साक्ष घेणे म्हणजे अपशकुनाला कागदावर जागा देणे.

“साहेब, अकराशे गेले,” तानी म्हणाली.

“मी कुठे नाही म्हणतो, बाई,” मापकरी म्हणाला. “पण मेलेल्यांवरून वारा मोजता येत नाही. मरायला काय, थंडीनेही मरतात.”

त्या दोघी पायऱ्या उतरत होत्या तेव्हा कठड्यावरून कोणीतरी हाक मारली. कठडा विटांचा होता आणि हाक मारणारा सरडा विटकरी रंगाचा होता, म्हणून तो आधी दिसला नाही. तो कचेरीतला कारकून. टेकडीवर विटकरी, माळावर हिरवा, आणि साहेबांच्या मागे चालताना कासवाच्या पाठीसारखा.

“तानीबाई, तुमचं चुकतंय कुठे सांगू?” तो म्हणाला. “तुमच्याकडे मोडण्यासारखं काही नाहीच. काहीतरी बांधा. दगडाची एक भिंत घाला बनात. पुढचा वारा आला की पडेल. एकदम पाचवी प्रत. घळीत पहिली रांग.”

टिटवीने त्याला विचारले की तोवर शिंग कोण वाजवणार. सरड्याने रंग बदलला आणि तो पुन्हा विटांत दिसेनासा झाला.

आश्विनात भिंतीला सुरुवात झाली. साठ-सत्तर पक्षी नदीच्या पात्रातून चोचीत मावतील तेवढे खडे आणीत. मोठा दगड असला तर वेलीची दोरी वळून दहा-बारा जण मिळून उचलीत. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. काही पक्ष्यांच्या चोची फुटल्या. आषाढात नवी घरटी विणायची वेळ आली तेव्हा भिंत सशाएवढी उंच झाली होती, आणि ती एवढ्यावर सोडवेना. घरटी घाईने विणली गेली. श्रावणातला चांगला, चिकट चिखल भिंतीच्या सांध्यांत गेला. घरट्यांना आतून लावायला उरला नाही. यंदाची घरटी बिनवजनाची होती आणि साध्या वाऱ्यातही फार हलत.

टिटवी रोज बघायला येई. एके दिवशी ती तानीला म्हणाली, “आक्के, ही भिंत पडायची आहे ना? मग इतकी घट्ट कशाला घालताय?”

चूक तिने नेमकी दाखवली होती. सुगरणींना रचणे ठाऊकच नव्हते. त्यांना विणणे ठाऊक होते. एक दगड त्या दुसऱ्यावर नुसता ठेवीत नसत; त्याची कड शेजारच्याच्या खोबणीत, त्याचे टोक खालच्याच्या पोटात, असे फिरवून फिरवून बसवीत, जसे गवताचे पाते बसवतात. जिथे फट राहिली तिथे बारीक खडा आणि त्यावर चिखल. त्या राज्यात इतके चांगले दगडकाम कोणी पाहिले नव्हते.

“सैल बांध की जरा,” टिटवी म्हणाली.

तानीने खरोखर प्रयत्न केला. तीन दगड तिने नुसते एकावर एक ठेवले. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि झोपण्याआधी जाऊन ते नीट बसवून आली. “मला जमत नाही गं,” ती म्हणाली. “हात जातोच.”

श्रावणाच्या शेवटी सरडा तपासणीला आला. त्याने भिंतीला शेपटीने दोन तडाखे दिले आणि भिंत मोजमापास योग्य असल्याचा दाखला दिला. ढिली भिंत असती तर तो मिळाला नसता. तानीच्या घरट्यात तेव्हा दोन पिल्ले होती, अजून पंख न फुटलेली.

भाद्रपदात, पुन्हा दिवस कलताना, आभाळ तांब्याच्या जुन्या भांड्यासारखे हिरवट झाले. वारा पडला. टिटवी ओरडत बाभळबनावरून गेली आणि बनातल्या म्हाताऱ्या पक्ष्यांनी सवयीने तिला शिव्या दिल्या. टेकडीवरून शिंग वाजले. ते बाभळबनासाठी नव्हते, पण आवाजाला कुंपण नसते. तानीने एक पिल्लू चोचीत धरले आणि ती घळीकडे उडाली. वाटेत तिला टेकडीवरची कुटुंबे दिसली, बिछाने, भांडीकुंडी घेऊन शिस्तीने चाललेली.

घळीच्या तोंडाशी मुंगूस उभे होते. त्याने वस्तीचे नाव विचारले. तानीने पिल्लू पायाशी ठेवले आणि सांगितले.

“प्रत?”

“आज होईल,” तानी म्हणाली. “भिंत घातली आहे आम्ही. दाखला आहे.”

“मग उद्या या,” मुंगूस म्हणाले.

ते काही दुष्ट नव्हते. मागे रांग लागली होती. तानीने विनवले की मी बाहेर राहते, एवढे पिल्लू तरी ठेवून घ्या, मुठीएवढीही जागा लागणार नाही. मुंगसाने आत वळून पाहिले. आत जागा होती, अर्धी घळ रिकामी होती, पण ती ज्यांची होती ते अजून यायचे होते. तानीने पिल्लू पुन्हा चोचीत घेतले, कारण दुसरे घरट्यात एकटे होते.

ती परत जाताना टिटवीने तिला पाहिले. टिटवी सांगते की तिने तानीला खाली उतरून खड्ड्यात बसायला ओरडून सांगितले. तानी घरट्यात गेली, आणि ती दोन्ही पिल्लांवर बसली असावी, कारण घरट्याच्या नळीतून तिची शेपटी तेवढी बाहेर दिसत होती. सोंड नदीपाशी उतरली. तिने पात्रातले पाणी उचलले, मग वाळू, मग बाभळबन. त्याला किती वेळ लागला हे टिटवीला सांगता येत नाही. ती म्हणते, मी एक श्वास घेतला होता आणि तो सोडायचा होता.

या वेळी बाजरीत कोणी गेले नव्हते. सगळे भिंत पडते का ते बघायला थांबले होते.

मापकरी चौथ्या दिवशी पोहोचला. त्याला तेवढा वेळ लागतोच. बाभळबनाच्या जागी चिखल होता आणि मधोमध भिंत उभी होती. त्याने तिच्याभोवती सावकाश दोन फेऱ्या मारल्या. एकही दगड हलला नव्हता. सांध्यातला चिखलही तसाच होता. काम पाहून त्याने मनापासून मान डोलावली आणि हे कोणी केले म्हणून विचारले. उत्तर द्यायला तिथे टिटवी एकटी होती.

तिने सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्याने पाय वर करून तिला थांबवले. अशा पक्क्या साक्षीदारासमोर, तो म्हणाला, आणखी कोणाची साक्ष घेण्याची गरज नाही. भिंत दगडाची आहे आणि उभी आहे. म्हणजे पाचवी प्रत नाही. वीट, तासलेले लाकूड इथे नव्हतेच. माती सांध्यांत आहे आणि शाबूत आहे, म्हणजे दुसरीही नाही. त्याने लिहिले: ‘झुळूक.’ शिवाय, गेल्या वर्षीच्या वाऱ्याबद्दल काही शंका असतील तर त्याही आता मिटल्या, असे खाली जोडले.

घळीतल्या रिकाम्या जागा त्या वर्षी टेकडीवरच्या नव्या घरांना वाटून दिल्या गेल्या. बाभळबनाची भिंत उत्तम बांधकामाचा नमुना ठरली. तिच्यावर तसा फलक लावायचे ठरले आणि ते काम सरड्याकडे आले.

फलक नदीकडच्या अंगाला लावायचा होता. ज्या बाजूने वारा आला त्या बाजूला तोवर कोणी गेले नव्हते. चिखल फार होता. सरडा तिथे पोहोचला आणि त्याला फलकासाठी सपाट जागा सापडेना. ती सगळी बाजू खरखरीत झाली होती, सायाळीच्या पाठीसारखी. जवळ जाऊन पाहिले तर दगडांतून गवताच्या काड्या बाहेर आल्या होत्या. सांध्यांतून नव्हे, दगडांतून. चिरून, वळवून, विणायला घेतलेल्या सुक्या गवताच्या काड्या, शेकडो, सरळ काळ्या दगडात घुसलेल्या. त्याने एक ओढली. ती निघाली नाही. त्याने दाताने धरून ओढली, तेव्हा ती दगडाशी तुटली आणि आतली आतच राहिली. त्या वेळी त्याचा रंग कोणता झाला होता हे टिटवीने पाहिले आहे. ती म्हणते, असा रंग त्याच्याजवळ आहे हे ठाऊक नव्हते.

त्याने मापकऱ्याला बोलावले. मापकऱ्याने काड्या पाहिल्या, एकीवर नख फिरवले आणि काडी मोडलेली नाही असा शेरा दिला. फलक भिंतीच्या दुसऱ्या अंगाला लावला गेला.

सरड्याने मात्र त्या दिवशीच्या कागदावर खाली एक ओळ घातली होती आणि ती खोडायची राहिली. झुळकेने गवताची काडी दगडात बोटभर कशी घातली, असे तिथे विचारलेले आहे. उत्तरासाठी पुढे जागा सोडली आहे. ती कोरी आहे.